आपल्याच माणसाला चारचौघांत प्रश्न विचारला. चुकलं का?

खाडीकिनारी_काका (धागाकर्ता, २०२५ अखेर)

मंडळी, इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितो कमी. पण गेला आठवडाभर डोक्यात किडा वळवळतोय म्हणून धागा काढतो. पक्षाचं नाव घेणार नाही, माणसाचंही नाही. तुम्हीही ओळखायच्या भानगडीत पडू नका. ओळखलंत तर मनात ठेवा.

आम्ही ठाण्यात कोलशेतला राहतो. एका बाजूला टॉवर, मध्ये जुनं गाव, पलीकडे खाडी. आमच्या माजी नगरसेवकांना सगळे भाऊ म्हणतात, म्हणून मीही भाऊच म्हणतो. २०१७ ला भाऊंसाठी मी घरोघर मतदार चिठ्ठ्या वाटल्यात. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या टेबलावर बसून लोकांची नावं यादीत शोधून दिलीत, दुपारी तीनला आलेला गार पुलाव खाल्लाय. हे अशासाठी सांगतो की मी 'तिकडचा' नाही. यंदाही तिकीट त्यांनाच मिळेल असं दिसतंय आणि माझं मतही त्यांनाच आहे.

तर गेल्या रविवारी भाऊ सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आले. आचारसंहिता लागायची आहे, तोवर सगळीकडे नारळ फुटतायत, त्यातलाच एक कार्यक्रम. वेळ साडेदहाची, आले सव्वाबाराला. शाल, श्रीफळ, स्वागतगीत सुद्धा झालं. चेअरमननी त्यांना 'विकासाचा महामेरू' म्हटलं आणि त्याच दमात महिन्याचं टँकरचं बिल किती येतं तेही सांगितलं. कोणी हसलं नाही.

मग 'कोणाला काही विचारायचंय?' असं झालं. दोघांनी उठून आभार मानले. एक बाई म्हणाल्या, भाऊ आमच्यासाठी देवच आहेत. मी उठलो.

सोसायटीला लागून एक भूखंड आहे, मैदानाचं आरक्षण असलेला. २०१७ च्या प्रचारात भाऊ तिथल्या चिखलात उभे राहून म्हणाले होते, निवडून आलो की हे मैदान पोरांना. दिलं. खोटं का बोला? सपाटीकरण झालं, कुंपण झालं, निळं-पिवळं गेट लागलं. मग गेटला कुलूप लागलं आणि किल्ली भाऊंच्या संपर्क कार्यालयात गेली. मैदान उघडतं ते वाढदिवसाच्या क्रिकेट स्पर्धेला, नाहीतर कार्यकर्त्याच्या घरच्या हळदीला. एरवी पोरं गेटवरून चढून आत जातात. गेटाला वरून भाल्यासारखी टोकं आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याच मजल्यावरच्या सातवीतल्या मुलीचा तळहात त्यात अडकून फाटला. सहा टाके पडले.

मी एवढंच विचारलं, "भाऊ, मैदानाची किल्ली कोणाकडे असते?"

पंख्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. भाऊ हसले, बाजूच्या पोराकडे बघितलं. तो पोरगा म्हणाला, "काका, आज प्रश्नोत्तरं नकोत, भाऊंना पुढे तीन कार्यक्रम आहेत." चेअरमननी माईक काढून घेतला. मी घरी पोचून चपला काढेपर्यंत समर्थकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपमधून मला काढलेलं होतं. आठ वर्षं होतो त्यात.

रात्री खुद्द भाऊंचा फोन. "काका, तुमच्याकडून अपेक्षा नव्हती. प्रश्न बरोबर होता हो, पण चारचौघांत नको होता. केबिनमध्ये यायचं की."

केबिनमध्ये मी दोनदा गेलो होतो. चहा चांगला असतो तिथला.

आता तुम्ही सांगा, माझं चुकलं का?

तीन_हात_नाका

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. काका, ग्रुपमधून काढल्याबद्दल अभिनंदन. रोज सकाळी गुलाबाच्या फोटोवर भाऊंचा चेहरा असलेले सुप्रभात संदेश बंद झाले ना? पेढे द्या.

घोडबंदरचा_प्रवासी

काका, प्रश्न योग्य, वेळ चुकली. अशा सभेत दहा मोबाइल सुरू असतात. उद्या समोरच्या पार्टीनं तेवढाच तुकडा कापून फिरवला, 'भाऊंच्याच माणसानं भाऊंना उघडं पाडलं' म्हणून, तर? मग भाऊ पडतील आणि येईल तो मैदान विकूनच टाकेल. आपल्या माणसाला निवडून आणा, मग धारेवर धरा.

खाडीकिनारी_काका

@प्रवासी, मग म्हणजे कधी? २०१७ ला निवडून आणलं. पहिलं वर्ष 'आत्ताच तर आलेत', मग लोकसभा, विधानसभा, मग करोना. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदतच संपली आणि प्रशासक बसले. त्यानंतर कधीही विचारलं की 'मी आता माजी आहे काका, माझ्या हातात काय आहे?' किल्ली सोडून, असं म्हणायचं होतं मला, पण तेव्हा म्हणालो नाही.

नेरूळ_पूर्व

आमच्याकडे नवी मुंबईत तर मे २०२० लाच मुदत संपली. शेवटची निवडणूक २०१५ ची. माझ्या मुलीनं अठरावं गाठलं, दोनदा विधानसभेला आणि लोकसभेला मत दिलं, पण 'आपला नगरसेवक' ही काय चीज असते हे तिला अजून माहीत नाही. एवढ्या वर्षांत एक मात्र कळलं. ज्या माणसाला शिव्या घालता येतात तो माणूस असणं हीच मोठी सोय असते. प्रशासकाला कुठे गाठणार? तो ना हळदीला येत, ना मयताला.

निष्पक्ष_ठाणेकर

सगळे चोर. नोटा ('वरीलपैकी कोणी नाही') दाबा आणि घरी बसा. राज्यात तर २०१८ पासून नियम आहे की स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर पुन्हा निवडणूक. करा की हिंमत.

खाडीकिनारी_काका

@निष्पक्ष, आदर आहे, पण 'सगळे चोर' म्हणायला काही लागत नाही. मला भाऊ चोर वाटत नाहीत, तीच तर अडचण आहे. जुलैच्या पावसात गावातल्या घरांत पाणी शिरलं तेव्हा हा माणूस लुंगी वर खोचून पंप ओढत होता, मी पाहिलंय. चोर वाटले असते तर किल्लीचं विचारलंच नसतं, पोलिसात गेलो असतो.

झेंडा_आणि_काठी

काका, मी तुमच्या भाऊंचा नाही, दुसऱ्या एका भाऊंचा कार्यकर्ता. लोकमान्य नगर. थोडं मनातलं बोलतो, राग मानू नका.

एप्रिल २०२१. बाबांचं ऑक्सिजन ८२. हेल्पलाइनला फोन लावून लावून बोट दुखलं. रात्री पावणेदोनला भाऊंना लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. 'रडू नको, आधार कार्डाचा फोटो टाक.' साडेतीनला बेड मिळाला. बाबा आज सकाळी दूध आणायला गेले होते, स्वतःच्या पायांनी.

आता मी त्या माणसाला चारचौघांत उभं राहून विचारू, की भाऊ गटाराचं काम कोणाला दिलं? जीभ उचलेल का माझी? लोक आम्हाला चमचे म्हणतात, भक्त म्हणतात, म्हणू देत. तुमच्याकडे मेडिक्लेम आहे, भाचा डॉक्टर आहे, वकील ओळखीचा आहे. आमच्याकडे भाऊ आहेत. तुम्ही टीका करून लिफ्टनं वर जाता. आमच्यावर त्यांनी राग धरला तर पुढच्या वेळी फोन कोण उचलणार?

तीन_हात_नाका

पॉपकॉर्न बाजूला ठेवले. झेंडाभाऊ, मनापासून लिहिलंत.

ऐरोलीकर

झेंडाभाऊ, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. पण तुमच्या शेवटच्या वाक्यावर अडलो. राग धरला तर फोन उचलणार नाही, ही धास्ती ज्यात आहे त्याला उपकार कसं म्हणायचं? ती उधारी झाली.

बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण सगळ्यांना एका वाक्यापुरतं माहीत असतं: धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्ती देत असेल, राजकारणातली भक्ती म्हणजे अधःपतनाची आणि शेवटी हुकूमशाहीची हमखास वाट. त्याच्या जरा आधी ते जे म्हणाले ते मला तुमच्या गोष्टीसाठी जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्यांनी आयुष्यभर देशाची सेवा केली त्यांच्याबद्दल कृतज्ञ असण्यात काहीच गैर नाही, असं ते आधी कबूल करतात. मग म्हणतात, कृतज्ञतेलाही मर्यादा असते, आणि डॅनियल ओ'कॉनेल या आयरिश देशभक्ताचा दाखला देतात: स्वातंत्र्य गहाण टाकून कुठलंही राष्ट्र कृतज्ञ राहू शकत नाही. म्हणजे तुमच्यासारखा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होताच. त्याला ते मूर्ख म्हणत नाहीत.

त्याआधी जवळजवळ सात वर्षं, १८ जानेवारी १९४३ ला, पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीला त्यांनी भाषण दिलं. त्यात तर फोडच करून दिलीय. थोर माणसाबद्दल अपार आदर वाटणं ही एक गोष्ट, आणि त्याची आज्ञा पाळत सुटणं ही निराळी. पहिलीत माणसाची बुद्धी शाबूत राहते, दुसरी त्याला पुरता मूर्ख बनवते. आणि हे कुठे? रानड्यांचा गौरव करायला बोलावलेल्या सभेत!

आता आमच्याच घरचं सांगतो, म्हणजे कोणी दुसऱ्यांकडे बोट दाखवलं असं नको. ऐरोलीत बाबासाहेबांचं एवढं देखणं स्मारक आहे, आत ग्रंथालय आहे. १४ एप्रिलला बाहेर पाय ठेवायला जागा नसते, सेल्फीला रांग. मी अधूनमधून वाचायला जातो तेव्हा खुर्ची निवडून बसता येते. मूर्तीपूजेच्या विरोधात बोललेल्या माणसाची मूर्ती करणं आम्हालाही चुकलेलं नाही. हे मी आमच्या मंडळाच्या बैठकीत बोललो होतो. पुढच्या वर्षी मला वर्गणीच्या पावत्या फाडायचं काम दिलं, भाषणाचं नाही.

घणसोलीचा_बाल्या

तुम्हा टॉवरवाल्यांची मजा वाटते. शाल-श्रीफळ, महामेरू, बापरे.

आमच्या गावात नगरसेवक म्हणजे कोणाच्या तरी मामाचा पोरगा. त्याला लहानपणी खाडीत बुडताना कोणी केसाला धरून काढलं, शाळेत कितव्यांदा नापास झाला, सगळं ठाऊक. देव कसा करणार त्याला? मागच्या वर्षी एका हळदीत साहेब सफारी घालून आले. सोबत चार पोरं, एक नुसता मोबाइल धरायला. आमची आत्या मांडवात बसून पापड लाटत होती. मान वर न करता म्हणते, "काय रं, बॅनरवं दात काढून हासतंस, आमचे गल्लीन पानी कवा येल?" साहेबांची सफारी तिथेच उतरली. "येल गो आत्या, सोमवारी मानूस धाडतंय." सोमवारी माणूस आला. खरंच.

तेव्हा काका, केबिन वगैरे सोडा. चारचौघांतच विचारायचं असतं, म्हणून तर मांडव असतो.

घोडबंदरचा_प्रवासी

बाल्या, एक विचारू? आत्या मत कोणाला देते?

घणसोलीचा_बाल्या

त्यालाच. भावकी आहे. शिव्या दिवसभर, मत त्याला. दुसऱ्याला दिलं तर भावाच्या घरचं पाणी पिणार नाही ती.

घोडबंदरचा_प्रवासी

मग हेच म्हणायचं होतं मला. आत्याचं मत पक्कं, काकांचंही मत पक्कं, धाग्याच्या सुरुवातीलाच जाहीर केलंय. ज्याचं मत कुठे जाणारच नाही त्याच्या टीकेला भाऊंनी का भ्यावं? नवरा-बायकोच्या भांडणासारखं झालं हे. आवाज मोठा, निष्पन्न शून्य. एकतर सरळ मत बदला, नाहीतर गप्प बसा. मधली ही 'प्रेमाची टीका' मला फक्त स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी वाटते.

खाडीकिनारी_काका

@प्रवासी, वर्मावर बोट ठेवलंत. रात्रभर विचार केला. उत्तर नाही सापडलं.

संपादक

पक्षांची नावं आणि टोपणनावं असलेले तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. एकाच सदस्याचे दोन आयडी एकमेकांना '+१' देत आहेत, तेही आमच्या लक्षात आलं आहे. विषयाला धरून लिहा.

शुद्धलेखन_मास्तर

डुआयडीवरून (एकाच माणसाचा दुसऱ्या नावाचा आयडी) आठवलं म्हणून अवांतर. नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'चाणक्य' नावानं एक लेख आला. विषय, जवाहरलाल नेहरू. या माणसाच्या मागे गर्दी धावते, त्याला गर्व आहे, थोडा वळला तर हुकूमशहा व्हायला वेळ लागणार नाही, त्याला पुन्हा काँग्रेसचा अध्यक्ष करू नका, आपल्याला सीझर नकोत, असा एकूण सूर. लिहिणारे स्वतः नेहरूच. डुआयडीचे मूळपुरुष!

मला त्यात गंमत ही वाटते की लोकप्रियतेच्या ऐन भरात असलेल्या माणसाला स्वतःवरची टीका स्वतःच लिहावी लागली.

ऐरोलीकर

मास्तर, पण स्वतःवर स्वतःच टीका करणं म्हणजे न्हाव्यानं स्वतःची हजामत करण्यासारखं. मानेमागचं राहतंच. शेवटी ते दुसऱ्यानंच करायला हवं, आणि त्या दुसऱ्याच्या हातात वस्तरा देण्याइतका विश्वासही हवा. आगरकर-टिळकांचं तसं होतं असं म्हणतात ना? एकत्र केसरी काढला, पटेना म्हणून आगरकर बाहेर पडले, १८८८ ला सुधारक काढला, मग वर्षानुवर्षं एकमेकांवर लेखणी चालवली.

शुद्धलेखन_मास्तर

हो, आणि १८९५ ला आगरकर गेले तेव्हा केसरीतला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. मात्र त्या भांडणाला फार गोड करू नका. जिव्हारी लागेल असंच लिहीत दोघं. सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती, ही पण त्याच पुण्यातली गोष्ट.

सावित्री_नौपाडा

मी सहसा राजकारणाच्या धाग्यांवर लिहीत नाही. निवृत्त शिक्षिका आहे, जन्म नौपाड्यातला. दोन गोष्टी सांगते, जोड तुम्ही लावा.

आमच्या वडिलांनी १९७७ आणि १९८० ला रामभाऊ म्हाळगींना मत दिलं. ठाण्याचे खासदार होते ते. आमदार असताना ते दरवर्षी मतदारांपुढे कामाचा लेखी अहवाल ठेवत, ही गोष्ट वडील फार कौतुकानं सांगत. त्यांच्या विचारांचं सगळंच वडिलांना पटत नसे, घरात त्यावरून वाद होत. पण म्हणत, हा माणूस स्वतःहून पाटी पुढे करतो, तपासा म्हणतो. मी शिक्षिका झाल्यावर मला त्याचा अर्थ लागला. वही तपासायला देणारा मुलगा आणि वही लपवणारा मुलगा, दोघांच्याही चुका असतात हो.

दुसरी गोष्ट २६ ऑगस्ट २००१ ची. ठाण्यात राहणाऱ्या त्या वयाच्या कोणालाही तारीख सांगावी लागत नाही. आनंद दिघे गेले. टेंभी नाक्याला त्यांच्याकडे गाऱ्हाणी घेऊन जाणाऱ्या बायकांची रात्री उशिरापर्यंतची रांग मी डोळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे त्या दिवशी लोक का रडत होते हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. मीही हळहळले. पण त्याच संध्याकाळी जमावानं ते ज्या रुग्णालयात गेले ते रुग्णालय फोडलं, पेटवलं. आत इतर रुग्ण होते, त्यांना बाहेर काढावं लागलं. शहरातलं एवढं मोठं रुग्णालय, ते पुन्हा उभं राहिलं नाही. पुढची कित्येक वर्षं आमच्या आळीत कोणाला रात्री छातीत दुखलं की पहिला प्रश्न असायचा, आता न्यायचं कुठे?

त्या जमावातला एकही माणूस दुष्ट असेल असं मला वाटत नाही. त्यात माझे दोन विद्यार्थी होते. नंतर एकाला विचारलं, अरे का? म्हणाला, "बाई, काय करत होतो ते कळतच नव्हतं, सगळे करत होते." अभ्यासात बरा होता.

झेंडा_आणि_काठी

बाई, हे वाचून वाईट वाटलं. साहेबांचा आमच्या घरी फोटो आहे, रोज हार असतो. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. रुग्णालयाचं आमच्याकडे कोणी बोलत नाही.

ऐरोलीकर, उधारीचं लागलं मला. पण उत्तर देतो. उधारी तर उधारी. बँक देत नाही तेव्हा माणूस ज्याच्याकडे मिळेल त्याच्याकडून घेतो. तुम्ही आधी बेड असा मिळेल असं करा की भाऊंना फोन लावावाच लागणार नाही, मग मी पण चारचौघांत उभा राहीन. तोवर मला शहाणपण शिकवू नका.

ऐरोलीकर

यावर माझ्याकडे तोंड नाही. खरं आहे.

आवक_जावक

उशिरा आलो. मी एका महापालिकेत (कुठल्या ते सोडा) प्रभाग कार्यालयात तेवीस वर्षं काढली, त्यातली बरीच टपाल टेबलावर. प्रवासी यांच्या प्रश्नाला, पक्क्या मताच्या माणसाची टीका कोण ऐकतो, याला अनुभवातून उत्तर देतो.

नगरसेवक विरोधकाचं पत्र वाचत नाहीत, त्यांना आत काय आहे ते माहीत असतं. कौतुकाचं पत्रही वाचत नाहीत. आमच्याकडे पत्रं यायची: माननीय, कार्यसम्राट, तळागाळातल्यांचे कैवारी, अर्धं पान हेच. मागणी शेवटच्या ओळीत, बहुतेक वेळा चुकीच्या सर्व्हे नंबरसकट. आमचे एक साहेब लाल पेन्सिलीनं फक्त ती ओळ अधोरेखित करून बाकी पत्रावर चहाचा कप ठेवत.

पण एक पत्र आलं की संपर्क कार्यालयातून लगेच फोन यायचा, 'ते पत्र पुढे जाऊ देऊ नका, साहेब बोलतायत त्यांच्याशी.' ते पत्र कोणाचं? टेबलावर बसणाऱ्याचं. चिठ्ठ्या वाटणाऱ्याचं. काका, तुमचं मत एकच आहे, ते गेलं तरी भाऊंना कळणारसुद्धा नाही. पण तुमच्या इमारतीतली शंभर घरं कोण कुठल्या मजल्यावर, कोणाचं नाव यादीतून गळलंय, कोण गावाला गेलंय, हे तुम्हाला पाठ आहे. ते टेबल रिकामं राहिलं तर काय होतं ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर रात्री फोन आला. माझ्यासारख्यानं विचारलं असतं तर आला असता का? प्रवासी म्हणतात मत बदला. मी म्हणतो मत ठेवा, पण टेबलावर बसायचं की नाही ते किल्लीवर ठरवा.

पॅनल पद्धतीचंही एक आहे. २०१७ ला ठाण्यात ३३ प्रभाग आणि १३१ नगरसेवक, म्हणजे बत्तीस ठिकाणी चौघे आणि एके ठिकाणी तिघे. चौघांत गटार कोणाचं? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मग लोक कामावरून ओळखेनासे होतात आणि चेहऱ्यावर जातात. ज्याचा बॅनर मोठा तो 'आपला'. विभूतिपूजेला आमची प्रभागरचनाही थोडी खतपाणी घालते, हे तेवीस वर्षांत माझं मत झालंय, कोणाला पटो न पटो.

आणि 'चारचौघांत विचारायचं की केबिनमध्ये' यावर तर कायदाच आहे. २००९ च्या दुरुस्तीनं महापालिका अधिनियमात क्षेत्रसभा आली. नगरसेवकानं आपल्या भागातल्या मतदारांची सभा घ्यायची, दोन वर्षांत किमान चार. न घेतल्यास पद जाऊ शकतं. म्हणजे चारचौघांत प्रश्न विचारणं हा कायद्याला अपेक्षित कार्यक्रम आहे, उद्धटपणा नाही. माझ्या नोकरीत मी अशी सभा झालेली पाहिली नाही. कोणी मागितलीही नाही, हेही तितकंच खरं. हळदीकुंकू मागितलं, रिक्षा स्टँडचं छप्पर मागितलं, सहली मागितल्या.

आता कामाचं. मैदान महापालिकेचं, तर किल्ली पक्षाच्या कार्यालयात असायचं कारणच नाही. तीन ओळींचं पत्र करा. महामेरू वगैरे नको. एक प्रत भाऊंना, एक प्रभाग कार्यालयात. टपाल टेबलावरचा माणूस 'ठेवून जा' म्हणेल. ठेवून यायचं नाही. शिक्का मारून घ्यायचा, आवक क्रमांक घ्यायचा. तो नसेल तर तुम्ही पत्र दिलंच नाही असं समजा.

खाडीकिनारी_काका

आवक_जावक, दंडवत. पत्र टाइप करतोय. बायको म्हणते, 'आता भाऊंच्या घरच्या गणपतीला आपण जायचं की नाही?' जायचं तर आहे. मोदक तिकडचे चांगले असतात.

नेरूळ_पूर्व

वाचनखूण साठवली. बाकी आमच्याकडचे एक इच्छुक परवा दारात आले, मी क्षेत्रसभेचं विचारलं. ते पीएकडे वळून म्हणाले, 'लिहून घे, ताईंना क्षेत्रसभा पाहिजे.' पीएनं लिहून घेतलं. बहुतेक बेंच समजले.

खाडीकिनारी_काका

नऊ दिवसांनी अपडेट.

पत्र दिलं. शिक्का घेतला. तिसऱ्या दिवशी गेट उघडं! किल्ली आता मैदानासमोरच्या चहावाल्याकडे असते, सकाळी सहाला उघडतो, रात्री नऊला लावतो. कडीला कुलूप तसंच उघडं लटकतंय. टाके पडलेली मुलगी संध्याकाळी गेटमधून ऐटीत चालत आत गेली, आणि घरी जाताना सवयीनं पुन्हा वरून चढून बाहेर आली. तिच्या आईनं खाली उभं राहून जे ऐकवलंय ते भाऊंनाही कोणी ऐकवलं नसेल.

ग्रुपमध्ये परत घेतलेलं नाही. भाऊंचा फोनही नाही. टेबलावर बसणार का असं कोणीतरी विचारायला येईल, तेव्हा काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. प्रवासी यांचा प्रश्न खिशात घेऊन फिरतोय.

आणि आता खरी बातमी. काल गेटवर दहा बाय वीसचा बॅनर लागलाय. 'कार्यसम्राट भाऊंच्या अथक पाठपुराव्याने क्रीडांगण जनतेस खुले!' मध्ये भाऊ हात जोडून. वर वरिष्ठांचे फोटो, उतरत्या आकारात. आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, डावीकडून चौथा, मी! फोटो गणपतीच्या आरतीतला आहे, तोंड उघडं, डोळे मिटलेले. खाली आडनाव चुकवलंय.

बायको हसून हसून खाली बसली. फोटो काढायला सांगू, की निदान आडनाव दुरुस्त करायला सांगू?

घणसोलीचा_बाल्या

आमचे आत्येला दाखवला फोटो. ती बोलते, मानूस बरा दिसतंय, पन झोपलंय कशाला?

आवक_जावक

दोन्ही मागण्या एकाच अर्जात नकोत. वेगवेगळे द्या. आणि आवक क्रमांक.